खोड, कातडं आणि किंमत

ड्रमसेटचा आवाज ज्या गोष्टींनी घडवला, त्या जवळजवळ सगळ्या स्वस्तातल्या होत्या. सेट महाग झाला तो नंतर. वाद्यवृंदांत ड्रम वाजवून मी संसार केला. आता शिकवतो आणि लोकांचे सेट दुरुस्त करतो. त्यामुळे ‘सर, तीन-चार लाखांचा सेट घेऊ का? तेवढा फरक पडतो का?’ हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. होय किंवा नाही म्हणून तो सुटत नाही. ही किंमत कुठून आली, ते आधी पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात ड्रमसेट नावाचं वाद्यच नव्हतं. लष्करी बँडमध्ये मोठा ड्रम एकाच्या गळ्यात, स्नेअर दुसऱ्याच्या आणि झांजा तिसऱ्याच्या हातात असत. आपल्या वरातीच्या बँडची मांडणी अजूनही तशीच आहे. अमेरिकेतल्या नाटकगृहांना तीन वादकांचा पगार परवडेना, आणि रंगमंचापुढे तेवढी जागाही नसे. मग एकच माणूस स्टुलावर बसून काठी आधी मोठ्या ड्रमवर, लगेच स्नेअरवर मारू लागला. पायाने वाजवायची पेडलं काहींनी करून पाहिली, पण ती धिमी होती. रॅगटाइम संगीताची लय वाढली तसा पाय मागे पडायला लागला. शिकागोत वाजवणाऱ्या विल्यम लुडविग या जर्मनीत जन्मलेल्या वादकाने लाकडात एक नमुना कोरला आणि यंत्रकामातल्या आपल्या मेहुण्याकडून तो धातूत करून घेतला. १९०९ साली त्याने भाऊ थिओबाल्डला सोबत घेऊन लुडविग अँड लुडविग ही कंपनी काढली, ती या पेडलच्या जोरावर. त्या पेडलने वादकाचे दोन्ही हात मोकळे केले. आधुनिक ड्रमवादनाची सुरुवात मी इथून धरतो. त्यात उंची लाकडाचा काही संबंध नव्हता.

पुढची सुधारणाही अशीच साधी. सुरुवातीचे टॉम, म्हणजे सेटमधले छोटे ड्रम, चीनहून आलेले असत. त्यांचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं, वर ड्रॅगन रंगवलेले. ते ताणायची सोयच नव्हती. १९३६च्या सुमाराला ड्रमवादक जीन क्रुपासाठी स्लिंगरलँड कंपनीने दोन्ही बाजूंनी चावीने ताणता येतील असे टॉम केले. सूर लावता येणारा ड्रम तेव्हापासून सेटमध्ये आला.

पण सगळ्यात मोठा बदल कातड्याचा. तोवर ड्रमवर वासराचं कातडं असायचं आणि ते हवेच्या हातात असायचं. दमट हवेत ढिलं, कोरड्या हवेत ताठ. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोठ्या ड्रमच्या आत विजेचा दिवा लावत. दर्शनी कातड्यावर रंगवलेलं निसर्गचित्र त्याने उजळे आणि कातडं कोरडंही राही. मुंबईच्या पावसाळ्यात ही कटकट किती असेल, हे ढोलकी वाजवणाऱ्याला सांगायला नको. १९३५ साली लिऑन ॲबीचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर शहरात जॅझचं पेव फुटलं. गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि हॉटेलांतून चित्रपटांच्या स्टुडिओंत नेलं. संगीतकार सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ या चित्रपटात (१९५१) चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. त्या पिढीच्या ड्रमवर कातडंच होतं. भर जुलैत रेकॉर्डिंगच्या दोन टेकच्या मध्ये सूर उतरत असताना ही माणसं कशी वाजवत असतील, या विचाराने माझा त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट होतो.

१९५७ साली लॉस एंजेलिसच्या रेमो बेली या ड्रमवादकाने मायलर या पॉलिएस्टरच्या पातळ पटलाचं हेड बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘वेदरकिंग’. हवामानाचा प्रश्न तिथे मिटला. आपण बोलताना अजून ‘स्किन बदलली’ म्हणतो, पण चामडं केव्हाच गेलं. ड्रमवर काठी पडते ती या पटलावर, आणि आवाजाचा मोठा वाटा त्याचाच. ते काही हजारांत मिळतं.

आता किंमत. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स वाजले. ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या मोठ्या ड्रमवर बीटल्सच्या नावाच्या वरच ‘लुडविग’ लिहिलेलं होतं. शिकागोच्या डेमन ॲव्हेन्यूवरचा कारखाना त्यानंतर रात्रंदिवस चालला. रिंगोने तो सेट निवडला, तो काळ्या-करड्या शिंपल्यासारख्या झाकेसाठी. ही झाक म्हणजे वरून चिकटवलेला प्लॅस्टिकचा पत्रा. आतलं खोड, म्हणजे आम्ही ज्याला शेल म्हणतो ते, तीन थरांचं होतं आणि त्यातला मधला थर पॉपलर या स्वस्त लाकडाचा. आतून रंग फासलेला. त्या काळातले सेट आज जपून ठेवलेल्या दागिन्यासारखे विकले जातात.

२०१५ साली रिंगोचा एक लुडविग सेट अमेरिकेत लिलावात २० लाख डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी सलिव्हनच्या कार्यक्रमातलं मोठ्या ड्रमचं नुसतं दर्शनी हेड, बीटल्सचं नाव रंगवलेलं, तेही २० लाख डॉलरच्या वर गेलं. अख्ख्या सेटला जेवढे पैसे, जवळपास तेवढेच एका रंगवलेल्या पटलाला! आठवणीला किंमत असते आणि ती देणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ती आवाजाची किंमत नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

लाकडाच्या गुणांबद्दल कुणी फारच ठामपणे बोलायला लागलं, की मी ड्रमवादक जॉन बॉनमची आठवण करून देतो. लेड झेपलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला त्याचा ड्रम जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी पुन्हा मिळवायचा प्रयत्न केला. ते ध्वनिमुद्रण हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घराच्या जिन्याच्या चौकात झालं. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यावरून खाली सोडले होते. त्या आवाजात बॉनमचे हातपाय होते आणि त्या चौकाची उंची होती. पुढे १९७३ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो लुडविगच्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या सेटवर वाजवत होता. त्यात लाकूड नावालाही नव्हतं.

मग महागड्या सेटमध्ये काहीच नसतं का? असतं, आणि ते मी हाताने तपासलेलं आहे. १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांनी ही लढाई वेगळ्या जागी नेली. यामाहाने बर्च लाकडाचे ‘रेकॉर्डिंग कस्टम’ ड्रम आणले. आवाज लांबत नाही, माइकला नेमका मिळतो, म्हणून स्टीव्ह गॅडसारख्या स्टुडिओत दिवस काढणाऱ्या वादकाने ते उचलले. ओसाकाच्या साकाए कारखान्यात हे ड्रम बनत. अमेरिकेत डीडब्ल्यू कंपनीने एकमेकांना साजेसे सूर देणारी खोडं निवडून एका सेटमध्ये घालायला सुरुवात केली. प्रत्येकाचा सूर आत शिक्क्याने लिहिलेला असतो. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याचे पैसे मागणं रास्त आहे.

एक गोष्ट कुणालाही करून पाहता येते. ड्रमची दोन्ही हेडं काढा. खोड स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथं ठेवा, वरच्या तोंडातून आत टॉर्च सोडा आणि खोलीतला दिवा बंद करा. कड सपाट असेल तर बाहेर अंधार. जिथून उजेडाची रेघ फुटते तिथे कड खाली बसलेली आहे, आणि तिथे हेड कधीच नीट टेकणार नाही. मग चावीने समोरासमोरचे स्क्रू कितीही काळजीने फिरवा, सूर एका जागी गोड आणि दुसऱ्या जागी फाटका लागतो. उत्तम सेटमध्ये अशी रेघ सहसा दिसत नाही. पण आता मध्यम किमतीच्या सेटमध्येही ती क्वचितच दिसते, कारण कडा संगणकावर चालणारी यंत्रं कापतात. साठच्या दशकातल्या नावाजलेल्या सेटच्या कडा त्या मानाने कितीतरी ओबडधोबड असत.

दुसरा फरक लोखंडाचा. स्वस्त सेटचं स्टँड चार प्रयोगांत सरकायला लागतं, पेडलचा सांधा कुरकुरतो, टॉम वाजवता वाजवता खाली झुकतो. गणेशोत्सवात रोज वेगळ्या मंडळाच्या मांडवात, रोज टेम्पोतून चढउतार करणाऱ्याला हे परवडत नाही. अशा वादकाने भारी हार्डवेअर घ्यावं, नि:शंक घ्यावं. रोज रेकॉर्डिंग करणाऱ्यानेही उत्तम सेट घ्यावा. पाचव्या टेकला सूर पहिल्यासारखाच राहणं हे त्याच्या पोटापाण्याचं आहे. बाकीच्यांना चार लाखांच्या खोडातून जे जास्तीचं मिळतं, ते मांडवातल्या दहाव्या रांगेत बसलेल्याला ऐकू येत नाही. माझं तरी हेच मत बनलं आहे.

म्हणून पालकांना माझं सांगणं असं. मध्यम किमतीचा सेट घ्या, त्याची कारखान्याची हेडं काढून पहिल्याच आठवड्यात चांगली घाला, पेडल पायाखाली घेऊन पाहून निवडा. वाचलेले पैसे झांजांसाठी ठेवा. ड्रम चावीने ताणून सुरात आणता येतो, झांज जशी घेतली तशीच वाजते. हलक्या हायहॅटचा, म्हणजे पायाने मिटणाऱ्या जोडझांजेचा, कर्कशपणा कुठल्याच चावीने जात नाही.