पान्याची पेटी आणि चार्जिंगचा पॉइंट
(आपल्या बंद गॅरेजच्या निमित्ताने थोडा इतिहास)

स्मरणिका समितीने 'सोसायटीतल्या वाहनांचा इतिहास' असा विषय दिला, तेव्हा वाटलं, सोपं आहे. स्कूटर होत्या, मग बाइक आल्या, मग मोटारी, आता विजेच्या गाड्या. चार ओळींत संपलं. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की वाहनांचा इतिहास लिहायचा तर वाहनांच्या शेजारी पडलेल्या पान्यांचाही लिहावा लागतो. आणि दोन्हींचा इतिहास नेमका एकाच जागी येऊन अडला आहे. ती जागा म्हणजे जिन्यामागचं शटरचं गॅरेज. रौप्यमहोत्सवी निधीतून तिथे हत्यारांची नीट व्यवस्था करायची की गाड्यांसाठी चार्जिंगची, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. म्हणून हा लेख थोडा इतिहास आणि थोडं माझं मत असा झाला आहे. समितीने सांभाळून घ्यावं.

आधी 'गॅरेज' हा शब्दच बघू. आपण मराठीत "गाडी गॅरेजला टाकली" म्हणतो, तेव्हा गाडी दुरुस्तीला दिली असा अर्थ असतो. कायद्यात तसं नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने गॅरेजची व्याख्या केली: छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची जागा. उघडं पार्किंग त्यात येत नाही. त्याआधी २०१० साली मुंबईच्या एका सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की इमारतीच्या खांबांमधली जागा, म्हणजे स्टिल्ट पार्किंग, हे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. तेव्हा आपल्या आवारात कायद्याच्या भाषेतलं गॅरेज एकच आहे, आणि ते सगळ्यांचं आहे. सुरुवातीला तिथे सोसायटीचं ऑफिस होतं. मग सायकली आल्या, मोडक्या खुर्च्या आल्या, गणपतीच्या मखराचे थर्माकोल आले. गाडी मात्र त्यात फारशी कधी उभी राहिली नाही.

आता पान्यांकडे वळतो. पिंपरी-चिंचवड हे मुळात पान्यांचंच गाव. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को उभी राहिली. १९७० मध्ये चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. साताऱ्याकडून, सोलापुराकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून मुलं आली, आयटीआय करून फिटर, टर्नर, मशिनिस्ट झाली. आपले पहिले सभासद बहुतेक याच पिढीचे. फिटर माणसाची स्वतःची पेटी असते. ती तो कुणाला देत नाही, दिली तर मोजून परत घेतो. मी स्वतः टूलरूममध्ये नोकरी केली, त्यामुळे हे माहीत आहे. खंडेनवमीला त्या पेटीला हळदकुंकू आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार. पूजेत दोन्हींना सारखाच मान, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्या काळात गाडी आणि पाना वेगळे नव्हतेच. बजाजने इटलीच्या पियाजिओबरोबरच्या करारावर स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, राणा प्रतापच्या घोड्याच्या नावाची. परवान्याचं राज्य होतं, कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवी. त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, काहींना तर दहा वर्षंसुद्धा. मुलगी पाळण्यात असताना नंबर लावला आणि ती शाळेत जायला लागल्यावर गाडी आली, असा तो काळ. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी माणूस दुसऱ्याच्या हातात कशी देणार? रविवारी सकाळी स्वतःच उघडून बसायचा.

आणि ती उघडता यायची, हे महत्त्वाचं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. ऑइल जास्त झालं की प्लग काळा. मग प्लगपान्याने तो काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, लावायचा, गाडी एका अंगावर वाकवायची आणि किक. क्लचची केबल तुटली तर नवी घालायची. पॉइंटमधलं अंतर फीलर गेजने बघायचं. चाकाची रिम दोन तुकड्यांची, नट काढले की टायर मोकळा होई, त्यामुळे पंक्चरसुद्धा घरी काढता येई. पुढचं-मागचं चाक एकच, मागे स्टेपनी. (हा 'स्टेपनी' शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्या गल्लीचं नाव आपल्याकडे प्रत्येकाच्या तोंडी आहे, आणि हे त्या गल्लीला ठाऊकही नसेल!)

मग एकेक सुधारणा आली आणि प्रत्येक सुधारणेने आपल्या हातातलं एकेक हत्यार काढून घेतलं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, फीलर गेज पेटीच्या तळाशी गेला. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की चालू. किक मारून पाय दुखण्याचे दिवस गेले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. १९९१ नंतर परवान्याचं राज्य सैल झालं आणि नंबर लावायची गरजच उरली नाही. २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली, फोर-स्ट्रोक, तेल मिसळणं बंद. हळूहळू ट्यूबलेस टायर आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्याच्या जागी इंधन फवारणारी, सेन्सरवर चालणारी यंत्रणा आली. तिला पाना लागत नाही, कॉम्प्युटर लागतो. आणि आता तर इंजिनच नाही. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बंद करायचं ठरवलं, २०१९ च्या ऑक्टोबरात चेतक परत आली ती विजेवरची. ती बनवायला आकुर्डीला नवा कारखाना निघाला, २०२२ मध्ये, जुन्या चेतकच्याच जागेवर. आमच्या वयाच्या माणसाला तिथून जाताना जरा गहिवरून येतं, पण हेही खरं की नव्या चेतकला घासायला प्लग नाही.

म्हणून तरुण सभासद विचारतात, "काका, त्या पेट्या आता ठेवायच्या कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्यांची अडचणही खरी आहे. विजेची स्कूटर घेतली, पण पार्किंगमध्ये पॉइंट नाही. मग पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन वायर खाली सोडायची. पावसाळ्यात हे अजिबात चालणार नाही. स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिट वीज घेते, ती पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रीत भरते. मोटारीचा छोटा चार्जर ३.३ किलोवॅटचा. असे दहा एकदम चालले तर ३३ किलोवॅट, आणि एवढा भार आपल्या आजच्या जोडणीतून काढायचा तर आधी मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. म्हणजे नुसते पॉइंट बसवून भागणार नाही.

दुसऱ्या बाजूचंही ऐका. आपल्यातले एक जुने फिटर सभासद गेले. त्यांच्या मागे काकूंनी त्यांची पेटी सोसायटीकडे आणून दिली. भंगारवाला किलोवर भाव सांगत होता. काकू म्हणाल्या, "ह्यांनी तीस वर्षांत एक पाना हरवला नाही, तो मी किलोवर कसा देऊ?" त्यानंतर आणखी दोन घरांतून हत्यारं आली. ड्रिल मशिन, पाइप पाना, हॅकसॉ, नाशिकच्या तपारियाचे पाने-पक्कडी, एक बेंच व्हाइस. आज ही सगळी गॅरेजात गोणपाटात बांधलेली आहेत, आणि दमट हवेने गंज धरायला लागली आहेत. दोन पावसाळे असेच गेले तर भंगारवाल्याचाच भाव खरा ठरेल.

पाना फक्त गाडीसाठी असतो, हा गैरसमज इथे काढून टाकू. रात्री अकराला टाकीचा व्हॉल्व्ह गळतो, गीझरचा नट सैल होतो, गणपतीच्या मांडवाचा बोल्ट लागतो, पोराच्या सायकलची चेन उतरते. प्लंबर उद्या येणार. तेव्हा शोधाशोध होते ती पाइप पान्याची. आणि असं होतं की पाना सोसायटीत असतो, पण सापडत नाही. मग कुणीतरी नवा विकत आणतो. जागा नसलेलं हत्यार म्हणजे नसलेलं हत्यार. कारखान्यांत जपानकडून आलेलं '५ एस' शिकवलं जातं: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. निवडा, जागेवर ठेवा, साफ करा, पद्धत लावा, शिस्त पाळा. टूलरूममध्ये याचं सर्वांत सोपं रूप म्हणजे शॅडो बोर्ड. फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवायचा आणि हत्यार त्यावर टांगायचं. संध्याकाळी नुसती नजर टाकली की कुठला आकार रिकामा आहे ते कळतं. वही, कुलूप, भांडण काही लागत नाही. (वही तरीही ठेवावी, आपल्याकडे लागेल.)

आता दोन्ही एकाच खोलीत का नको, असंही कुणी विचारेल. विचार करूनच सांगतो. आज त्या गॅरेजात थिनरचे डबे, रंगाचे डबे, तेलात भिजलेली फडकी, जुन्या पेट्रोलचा कॅन असं सगळं आहे. थिनरची वाफ आणि विजेची ठिणगी शेजारी ठेवायची नसते. त्यामुळे चार्जिंग असो वा हत्यारं, पहिलं काम एकच: ज्वालाग्राही वस्तू तिथून बाहेर. हे काम निधीशिवायसुद्धा होतं, एका रविवारी.

त्यापुढे माझं मत असं. गाडी ज्याची त्याची असते. आज विजेची घेतली, पाच वर्षांनी विकेल, दुसरी घेईल. तिचा चार्जर आणि मीटरपर्यंतची वायर हा त्या सभासदाचा खर्च, आणि वीज त्याच्याच मीटरवरून. सोसायटीचा सामायिक पैसा जाईल तो सामायिक कामाला: वाढीव भारासाठी अर्ज, पॅनेल आणि पार्किंगमधून पाइप टाकून घेणं, म्हणजे बाल्कनीतून वायरी लोंबणार नाहीत. हे झालंच पाहिजे, यात म्हातारेपणाचा हट्ट आड येऊ नये. पण हे काम मंजुरीवर अवलंबून आहे, त्याला वेळ लागेल.

हत्यारांच्या जागेला तेवढाही वेळ लागत नाही. आठ बाय चारचा एक प्लायवूड, भिंतीवर. जमिनीवरची जागा फक्त व्हाइसच्या टेबलापुरती जाते, बाकी मोकळी राहते. खर्च चार्जिंगच्या कामाच्या मानाने किरकोळ. म्हणून क्रम असा असावा: रिकामं करा, मग फळी लावा, आणि त्याच महिन्यात वीज कंपनीकडे अर्ज द्या. भिंत हत्यारांची, खांबांमधली जागा गाड्यांची. ज्यांना "आधी पॉइंट, मग फळी" वाटतं, त्यांना एवढंच म्हणतो की अर्ज आला नाही तोवर पॉइंट होणार नाही, आणि गंज तोवर थांबणार नाही.

एक जास्तीची सूचना. फळी लागली की महिन्यातून एक रविवार जुन्यांनी मुलांना हत्यारं धरायला शिकवावं. नव्या गाडीत हात घालायला जागा कमी उरली आहे, हे मान्य. पण नटापेक्षा थोडा मोठा पाना लावला तर नट गोल होतो, हे ज्याला हाताने कळलं आहे, तो मेकॅनिकच्या बिलाकडेही डोळसपणे बघतो. आपण विजेच्या गाड्या वापरणारे असलो तरी आपल्या घरांना नट-बोल्ट आहेतच, आणि राहतील.

सभेत मतं वेगळी पडतील, पडू देत. फक्त ठराव मांडताना सगळ्यांनी एकदा गॅरेजचं शटर वर करून आत बघून यावं. काकूंची पेटी डावीकडे, गोणपाटाखाली आहे.