उत्तर न मिळालेलीं रहस्यें

वेताळपंचविशीच्या गोष्टी लहानपणीं ऐकल्या नाहींत, असा मराठी वाचक विरळाच. वेताळाची अट अशी कीं, उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहील, तर त्याच्या मस्तकाचीं शंभर शकलें होतील. हीच अट उलट बाजूनें कथा सांगणारास लावली, तर काय होईल ? ज्यानें रहस्य उभें केलें, महिनोन्‌महिने श्रोत्यांस आपल्या मागें चालविलें, त्यानें उत्तर न सांगतां उठून जावें काय ? हा प्रश्न नुसता कल्पनेचा नाहीं. गेल्या सुमारें साठ वर्षांत दूरचित्रवाणीच्या रहस्यमालिकांनीं तो इंग्लंड-अमेरिकेंतील कोट्यवधि प्रेक्षकांपुढें वारंवार आणिला आहे, आणि प्रेक्षक वारंवार संतापले आहेत. या संतापास कित्येक जाणते लोक पोरकटपणा समजतात. तयार उत्तर हवें असणारांचा हा आळस आहे, असें म्हणून तो उडवून लावितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. या संतापाचा इतिहास जरा क्रमानें पाहिला, म्हणजे असें दिसून येतें कीं, लोक रागावतात ते उत्तर न मिळाल्यामुळें नव्हे, तर वचन मोडल्यामुळें. हें कसें, तें पाहूं.

हप्त्याहप्त्यानें रहस्य विकण्याची पद्धति दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुनी आहे. १८७० च्या एप्रिलपासून चार्लस डिकन्स यांनीं 'दि मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' ही कादंबरी मासिक भागांनीं प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एकंदर बारा भाग व्हावयाचे होते. एडविन ड्रूड नांवाचा तरुण नाताळच्या आदल्या रात्रीं नाहींसा होतो. संशय येतो तो जॉन जास्पर याचा. हा मोठ्या प्रार्थनामंदिरांतील गायकवृंदाचा प्रमुख, आणि अफूच्या आहारीं गेलेला. एडविनचा खून झाला, कीं तो जिवंत आहे ? पांढऱ्या केसांचा जो अनोळखी गृहस्थ पुढें गांवांत येऊन राहतो, तो कोण ? तीन भाग बाहेर पडले, आणि ९ जून १८७० रोजीं डिकन्स वारले. हस्तलिखितावरून आणखी तीन भाग निघाले व कथा निम्म्यावर थांबली. विशेष हें कीं, त्याच वर्षीं राणी व्हिक्टोरिया यांची इच्छा असल्यास पुढील कथानक त्यांस प्रजेच्या आधीं थोडें सांगण्याची तयारी डिकन्स यांनीं दर्शविली होती. राणीसाहेबांनीं त्या संधीचा लाभ घेतला नाहीं.

येथें वाचकांचें नुकसान झालें, हें उघड आहे. परंतु कोणी रागावलें नाहीं. उलट त्या अपुऱ्या कथेचा लोकांनीं खेळ केला. १९१४ च्या जानेवारींत लंडन येथें जास्परवर लुटूपुटूचा खटला भरण्यांत आला. चेस्टरटन न्यायाधीश झाले आणि बर्नार्ड शॉ पंचांचे मुख्य झाले. पंचांनीं सदोष मनुष्यवधाचा निर्णय दिला, तेव्हां चेस्टरटन यांनीं न्यायालयाच्या बेअदबीबद्दल स्वतःखेरीज सर्वांस दंड ठोठावला ! पुढें १९८५ मध्यें न्यूयॉर्क येथें याच कथेवर एक संगीत नाटक आलें. त्यांत खुनी कोण, हें प्रेक्षकांनीं मतें देऊन रोज नव्यानें ठरवावयाचें असे. उत्तर नसण्याचें दुःख एवढें हंसतमुखानें सोसतां आलें, याचें कारण एकच. सांगणारानें वचन मोडलें नव्हतें. तें मृत्यूनें मोडलें होतें.

आतां दूरचित्रवाणीकडे वळूं. अमेरिकेंत १९६३ पासून 'दि फ्युजिटिव्ह' नांवाची मालिका सुरू झाली. पत्नीच्या खुनाचा खोटा आळ आलेला एक डॉक्टर देहान्ताच्या शिक्षेंतून निसटतो, आणि खऱ्या खुन्यास, म्हणजे एका हाताच्या मनुष्यास, गांवोगांव शोधीत फिरतो. त्या काळीं मालिकेस शेवट देण्याची फारशी रीत नव्हती. प्रेक्षक घटले, कीं मालिका बंद होई, आणि नायक जेथें असेल तेथेंच कायमचा राही. परंतु या मालिकेच्या चालकांनीं चार वर्षें व १२० भाग झाल्यावर उत्तर देण्याचें ठरविलें. २९ ऑगस्ट १९६७ रोजीं शेवटचा भाग दाखविला गेला, तेव्हां सुमारें ७ कोटि ८० लक्ष लोक तो पाहत होते. हा उच्चांक पुढें तेरा वर्षें टिकला. १९८० च्या नोव्हेंबरांत 'डल्लास' मालिकेनें तो मोडला, आणि तोही उत्तराच्याच बळावर. तिच्या नायकावर गोळी झाडली गेली ती मार्चमध्यें. झाडणाराचें नांव कळावयास आठ महिने लागले. तेवढे दिवस लोकांनीं पैजा मारल्या, तर्क लढविले, पण मालिका सोडली नाहीं. यावरून ध्यानांत येईल कीं, वाट पाहण्याचा प्रेक्षकांस कंटाळा नाहीं. वाट पाहण्यास अर्थ असला म्हणजे झालें.

याच सुमारास इंग्लंडांत एक निराळाच प्रयोग चालू होता. पॅट्रिक मॅगूहन हे ज्याचे प्रमुख नट व मुख्य सूत्रधार, त्या 'दि प्रिझनर' मालिकेचे सतरा भाग १९६७ च्या सप्टेंबरपासून दाखविले गेले. राजीनामा दिलेला एक हेर बेशुद्ध करून पळविला जातो, आणि 'व्हिलेज' नांवाच्या एका सुंदर पण बंदिस्त वस्तींत ठेवला जातो. तेथें माणसांस नांवें नाहींत, केवळ क्रमांक आहेत. नायक हा क्रमांक सहा. तर मग क्रमांक एक कोण? १९६८ च्या फेब्रुवारींत शेवटचा भाग लागला. क्रमांक एकचा मुखवटा निघाला, त्याखालीं माकडाचा दुसरा मुखवटा, आणि त्याखालीं नायकाचेंच तोंड ! हेरकथेचा उलगडा पाहावयास बसलेले लोक खवळले. तक्रारींचे इतके दूरध्वनि आले कीं, आपणांस कांहीं दिवस लपून राहावें लागलें, असें मॅगूहन पुढें सांगत असत.

तथापि काळानें या मालिकेस न्याय दिला. पुढें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, उत्तर आरंभापासून डोळ्यांसमोरच होतें. बहुतेक भागांच्या प्रारंभीं नायक क्रमांक एक कोण असें विचारी, आणि तूं क्रमांक सहा आहेस असा जबाब त्यास मिळे. मूळ इंग्रजी वाक्यांत एक स्वल्पविराम घातला, कीं 'तो तूंच' असा अर्थ निघतो. मनुष्याचा तुरुंगाधिकारी तो स्वतःच, हें उत्तर रूपकाचें होतें. लोकांस हवें होतें तें हेरकथेचें नव्हतें, एवढेंच. १९७७ मध्यें या मालिकेच्या चाहत्यांची संस्था स्थापन झाली, आणि वेल्समधील पोर्टमेरियन या चित्रणाच्या गांवीं ते मोठ्या हौसेनें जमूं लागले. मॅगूहन यांनीं वचन वांकडें केलें असेल, पण बुडविलें नाहीं.

याहून अवघड उदाहरण 'ट्विन पीक्स' चें. ८ एप्रिल १९९० रोजीं अमेरिकेंत ही मालिका सुरू झाली. डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट हे तिचे जनक. लहानशा डोंगरी गांवांत लॉरा पामर या शाळकरी मुलीचें प्रेत नदीकांठीं सांपडतें, आणि तिला कोणीं मारलें, हा प्रश्न साऱ्या देशाच्या तोंडीं होतो. मे महिन्यांत पहिलें पर्व संपलें, पण उत्तर मिळालें नाहीं. प्रेक्षक कुरकुरूं लागले, आणि दूरचित्रवाणी कंपनीनेंही उत्तराचा तगादा लाविला. येथें दोघां कर्त्यांचेंच एकमत नव्हतें. लिंच यांच्या मतें तें रहस्य हाच मालिकेचा प्राण होता. तें उघडणें म्हणजे सोन्याचीं अंडीं देणारी कोंबडी मारणें. फ्रॉस्ट यांचें म्हणणें असें कीं, आपण प्रेक्षकांचें कांहीं देणें लागतों. शेवटीं १० नोव्हेंबर १९९० च्या भागांत उत्तर दिलें गेलें. तें भयंकर होतें : खुनी हा लॉराचा बापच, एका दुष्ट शक्तीनें झपाटलेला. त्यानंतर मालिकेचा प्रेक्षक ओसरत गेला, आणि १० जून १९९१ रोजीं ती एका नव्याच रहस्यावर संपली.

लिंच यांचें भाकीत खरें ठरलें, असें येथें कोणीही म्हणेल, आणि त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. उत्तर मिळतांच कुतूहल मावळतें, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु प्रश्न मांडतांना प्रेक्षकांस काय समजूं दिलें, हेंही पाहिलें पाहिजे. एक हुशार तपासनीस, एक प्रेत, पुराव्याच्या वस्तु, आणि संशयितांची यादी ही सर्व मांडणी गुन्ह्याच्या कथेची होती. ती मांडून, येथें उलगडा व्हावयाचाच नाहीं, असें मनांत ठेवणें हें पाहुण्यांस पाटावर बसवून ताट न वाढण्यासारखें आहे. पंचवीसहून अधिक वर्षांनंतर, २०१७ सालीं, याच दोघांनीं अठरा भागांची नवी मालिका काढली, आणि तीही प्रश्नावरच संपविली. मात्र या खेपेस पाहणारांस आपण कोणाकडे आलों आहों, हें पुरतें ठाऊक होतें. लिंच २०२५ च्या जानेवारींत वारले. लॉराचें गूढ लोक अद्याप आवडीनें उकलीत आहेत.

उलट बाजूचें उदाहरण २०११ चें. डेन्मार्कमध्यें २००७ सालीं एका तरुण मुलीच्या खुनाच्या तपासाची वीस भागांची मालिका निघाली होती. वीस दिवसांचा तपास, वीस भाग, आणि विसाव्या भागाअखेर उत्तर. तिचें अमेरिकन रूप म्हणजे 'दि किलिंग'. रोझी लार्सन हिला कोणीं मारलें, हाच प्रश्न तिच्या जाहिरातींतून विचारला गेला. या मालिकेचा मोठा गुण असा कीं, मृत मुलीच्या आईबापांचा शोक तींत कोठेंही घाईनें उरकला नाहीं. आठवड्यामागून आठवडा प्रेक्षक त्या घरांत बसून तो पाहत होता. १९ जून २०११ रोजीं तेरावा भाग आला. एका पुढाऱ्यास अटक झाली, आणि लगेच कळलें कीं, त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा बनावट आहे. येथें पर्व संपलें ! उत्तर मिळावयास पुढील वर्षाचा जून महिना उजाडला.

यावर जो गहजब झाला, त्याचें कारण केवळ कुतूहल नव्हे, असें आम्हांस वाटतें. 'डल्लास' च्या वेळींही लोक आठ महिने थांबले होते. पण तेथें गोळी खाणारा एक धूर्त धनिक होता आणि सारा मामला मौजेचा होता. येथें तेरा भाग एका आईचें रडणें पाहिलेलें. अशा वेळीं खुनी कोण, हें कोडें राहत नाहीं. तो न्यायाचा प्रश्न होतो. मेलेल्या मुलीच्या वतीनें तो विचारावयाचा असतो. त्या दुःखाचा उपयोग प्रेक्षकांस पुढच्या वर्षीं परत आणण्यासाठीं केला गेला, असें लोकांस वाटलें, आणि हें वाटणेंच जिव्हारीं लागलें.

मग असें कां होतें ? आमच्या मतें दोष एकट्या लेखकाचा नाहीं. डिकन्सचे बारा भाग ठरलेले होते, डेन्मार्कचे वीस ठरलेले होते. कादंबरी वाचणारास उरलेलीं पानें हातालाच कळतात. अमेरिकन मालिकेस अशीं मोजलेलीं पानें नव्हतीं. लोक पाहत आहेत तोंवर जाहिरातदार पैसा देतो. म्हणून प्रश्न हें भांडवल, आणि उत्तर देणें म्हणजे तें खर्चून टाकणें. 'लॉस्ट' या मालिकेच्या चालकांनीं हा पेंच ओळखला होता. २००४ त सुरू झालेली ही एका निर्जन भासणाऱ्या बेटाची कथा प्रश्नांवर प्रश्न रचीत चालली होती. २००७ च्या मे महिन्यांत त्यांनीं जाहीर केलें कीं, आणखी ४८ भाग, आणि २०१० मध्यें शेवट. निर्णय शहाणपणाचा होता. पण तोंवर प्रश्नांचें ओझें फार झालेलें. २३ मे २०१० च्या अखेरच्या भागानें पात्रांच्या जीवनाचा शेवट केला, बेटाच्या साऱ्या कोड्यांचा केला नाहीं. कांहीं प्रेक्षक गहिंवरले, कांहीं चिडले. आणि राहिलेल्या कांहीं प्रश्नांचीं उत्तरें पुढें सुमारें बारा मिनिटांच्या एका पुरवणी-चित्रांत द्यावीं लागलीं.

आतां पुनः वेताळाकडे येऊं. त्याच्या प्रश्नमालेंतील अखेरचा प्रश्न वाचकांस आठवत असेल. बाप मुलीशीं आणि मुलगा तिच्या आईशीं विवाह करितो. त्यांस मुलें झालीं, तर त्या मुलांचें एकमेकांशीं नातें कोणतें? राजा विचार करितो आणि गप्प राहतो. त्याचें मस्तक फुटत नाहीं. उलट वेताळ प्रसन्न होतो. कां ? तर राजास खरोखरच उत्तर ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असल्याचें सोंगही त्यानें केलें नाहीं. मौन हा गुन्हा नव्हे, हें त्या जुन्या कथाकारास पक्कें कळलें होतें.

मालिकेच्या कर्त्यांनाही हाच न्याय लागू करावा, असें आमचें म्हणणें आहे. ज्यास प्रश्नापुढें आपल्याबरोबर नुसतें उभें राहावयाचें आहे, त्यानें तसें खुशाल करावें. मात्र तसें तोंडावर सांगावें, निदान कथेच्या मांडणींतून सुचवावें. पण 'उत्तर माझ्यापाशीं आहे, पुढच्या आठवड्यास या' असें जो दर आठवड्यास म्हणतो, त्यानें एक दिवस तें दिलें पाहिजे. आणि प्रेक्षकांनींही आपल्या मनास एक गोष्ट विचारावी. खुन्याचें नांव कळतांच आपण उठून गेलों, तर लॉरा पामर ही मुलगी आपली कोण होती ? सांगणारानें वचन पाळावें, आणि ऐकणारानें उत्तरानंतरही थोडा वेळ बसावें. दोघांनींही हें केलें, तर या जुन्या भांडणास फारसें कारण उरणार नाहीं.