निनावी चाकूचा कर्ता : शेफील्डच्या संदर्भात एक विचार

संग्रहालयात एखादा जुना, मिटवता येणारा चाकू दाखल होतो. त्याच्या पात्यावर नाव नसते, निशाणी नसते. नोंदवहीतील ‘कर्ता’ हा रकाना मात्र भरावयाचा असतो. अशा वेळी एखाद्या प्रसिद्ध कारखान्याचे नाव लिहून टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे. त्या नावाने वस्तूचे मोल वाढते, आणि एकदा छापली गेलेली नोंद पुढील नोंदींना प्रमाण म्हणून पुरते. म्हणून निनावी चाकूचा कर्ता ठरविण्याची रीत कोणती, आणि ‘कर्ता’ या शब्दाचा येथे नेमका अर्थ काय, हे तपासणे अगत्याचे ठरते. या दृष्टीने इंग्लंडमधील शेफील्ड शहराचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

शेफील्डच्या चाकूची ख्याती फार जुनी. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने एका गिरणीवाल्याजवळ शेफील्डचा ‘थ्विटल’ असल्याचा उल्लेख केला आहे. लाकूड तासणे या अर्थाचे ‘व्हिटल’ हे इंग्रजी क्रियापद याच शब्दकुळातले. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने हॅलमशायर परगण्यातील चाकू-कात्र्या करणाऱ्यांची ‘कटलर्स कंपनी’ स्थापन झाली आणि कारागिरांना निशाण्या देण्याचे व त्यांची नोंद ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. तारा आणि माल्टी क्रूस ही निशाणी १७६४ पासून रॉजर्स घराण्याकडे होती. ‘आय एक्स एल’ ही अक्षरे १७८७ मध्ये प्रथम दिली गेली व १८२६ मध्ये वॉस्टनहोम यांच्याकडे आली. या दुसऱ्या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात यावी. निशाणी ही हस्तांतरित होणारी मालमत्ता होती. ती म्हणजे कारागिराची स्वाक्षरी नव्हे.

निशाणी नसण्याची कारणेही एकाहून अधिक आहेत. ती बहुधा पात्याच्या बुडाशी, मुठीत बसणाऱ्या भागालगत ठोकली जाई. गंजाने व वारंवार घासण्याने ती पुसली जाते. पाते मोडल्यावर दुसरे बसविले असेल, तर निशाणी पहिल्या पात्याबरोबरच गेलेली असते. स्वस्त मालावर ती मुळातच ठोकली जात नसे. तेव्हा निशाणीच्या अभावावरून कर्त्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. तो अभाव कशामुळे आला, हे प्रथम ठरवावे लागते.

यानंतर काळाचा विचार. येथे साहित्याची साक्ष सर्वांत भरवशाची. मुठीच्या टोकांना जर्मन सिल्व्हर असेल, तर तो चाकू सामान्यतः १८३० नंतरचा मानावा लागतो. मुठीवर सेल्युलॉइड असेल, तर तो १८७० पूर्वीचा असणे शक्य नाही. पाते न गंजणाऱ्या पोलादाचे असेल, तर ते हॅरी ब्रिअर्ली याच्या १९१३ मधील शोधानंतरचेच. मात्र या सर्व खुणा केवळ पूर्वमर्यादा सांगतात. हाड, शिंग, शिंपला अथवा भारतातून जाणारे सांबरशिंग यांचा वापर दीर्घकाळ चालू राहिल्यामुळे त्यांवरून काळ ठरत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानुसार आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे पुढील वर्षापासून आवश्यक झाले. परंतु या कायद्याची कसोटी अमेरिकेत गेलेल्या मालालाच लागू पडते, हे पुष्कळदा विसरले जाते.

स्थळनिश्चिती याहून अवघड आहे. पात्याचा आकार, नख अडकविण्याची खाच, पाठीमागील कमानीची बैठक ही लक्षणे शेफील्डची म्हणून सांगितली जातात. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेफील्डचे अनेक कारागीर अमेरिकेतील कनेटिकट व न्यूयॉर्क राज्यांत गेले आणि हाताची सवय बरोबर घेऊन गेले. जर्मनीतील झोलिंगेन येथे शेफील्डच्या धर्तीचा माल होत असे, आणि परक्या मालावर शेफील्डचे नाव घालण्याचे प्रकारही घडत. १८८७ चा ब्रिटिश व्यापारचिन्ह कायदा अशाच तक्रारींतून आला.

तुलनात्मक भाषाशास्त्रातील एक नियम येथे उपयोगी पडतो. दोन बोलींत एखादे प्राचीन रूप टिकून राहिले, एवढ्यावरून त्यांचे निकटचे नाते सिद्ध होत नाही. दोघींनी मिळून केलेला नवा बदल दाखवावा लागतो. पाठचिकित्सेतही दोन पोथ्यांचे नाते त्यांच्या समान शुद्ध पाठांवरून ठरत नाही, तर समान अपपाठांवरून ठरते. चाकूच्या बाबतीत सर्वसामान्य आकार म्हणजे समान वारसा, आणि साच्यातील दोष म्हणजे समान अपपाठ. तापवून दाबलेल्या शिंगाच्या मुठीवर नक्षीतील एकच चीर निनावी व निशाणीयुक्त अशा दोन्ही चाकूंवर आढळली, तर दोन्ही मुठी एका साच्यातल्या, असे खात्रीने म्हणता येते.

पण तेवढेच. साचा एक म्हणून कर्ता एक, असे अनुमान मात्र निघत नाही. कारण शेफील्डमध्ये मुठींचे भाग तयार करून अनेकांना विकणारे स्वतंत्र व्यावसायिक होते. पाते घडविणारा एक, शाणेवर धार काढणारा दुसरा, आणि भाग जुळवून चाकू उभा करणारा तिसरा. यांपैकी पुष्कळजण भाड्याच्या खोलीत स्वतंत्रपणे काम करीत. त्यांना तेथील बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांनी पुरा केलेला माल मोठ्या पेढीच्या निशाणीखाली बाजारात जाई. शाणेची धूळ फुप्फुसांत साचून धार काढणारे अनेकजण अकाली मृत्यू पावत; त्यांचे नाव पात्यावर कधीच नसे. विसाव्या शतकात स्टॅन शॉ (१९२६–२०२१) या कारागिराला सन्मान व प्रसिद्धी लाभली. परंतु त्याचाही आरंभ इबर्सन या पेढीच्या नोकरीतच झाला.

यावरून ‘कर्ता कोण?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळले आहेत, हे स्पष्ट होते : चाकू कोणाच्या हातांनी झाला, कोणाच्या नावाने विकला गेला, आणि कोणत्या परंपरेत घडला. निशाणी असली तरी ती निश्चितपणे दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते. तीही बनावट नसेल तर. निशाणी नसेल, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे सप्रमाण उत्तर देता येते. पहिल्याचे उत्तर दोन्ही प्रसंगी बहुधा मिळत नाही.

म्हणून निनावी चाकूच्या नोंदीत आधी साहित्य, मग त्यावरून निघणारी कालमर्यादा, नंतर परंपरा, आणि शेवटी साच्याचे वा हत्याराच्या खुणांचे साम्य, या क्रमाने लिहावे व प्रत्येक विधानाचा आधार तेथेच द्यावा. ‘शेफील्ड परंपरा, १८३० नंतर’ ही नोंद प्रसिद्ध नावापेक्षा फिकी वाटेल. परंतु ती पुढील अभ्यासकाला वाट मोकळी ठेवते. उलट, प्रमाणाविना लिहिलेले नाव ज्या कारागिरांना त्यांच्या हयातीतच निनावी ठेवले गेले, त्यांना दुसऱ्यांदा पुसून टाकते.