नवटाक तेलाचे लिटर

एखाद्या देवस्थानच्या जुन्या हिशेबात नंदादीपासाठी रोज नवटाक तेलाची नेमणूक लिहिलेली आहे, असे समजू. वर्षाकाठी ते किती लिटर झाले? प्रश्न त्रैराशिकाचा वाटतो, पण तो आधी इतिहासाचा आहे.

नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. नावातच हिशेब आहे: बहात्तर टांकांचा शेर, त्याचे नऊ टांक. पण शेर कोणता? जुन्या मुंबईच्या वजनांत चाळीस शेरांचा मण २८ पौंडांचा होता. म्हणजे शेर अवघा सुमारे ३१७ ग्रॅमचा. १८३३ मध्ये कंपनी सरकारने बंगालात १८० ग्रेनांचा तोळा ठरवला. कलकत्त्याच्या टांकसाळीतील जेम्स प्रिन्सेप यांचा त्या सुधारणेत मोठा वाटा होता. त्या तोळ्याचा ८० तोळी शेर ९३३ ग्रॅमचा, मुंबईच्या शेराच्या जवळजवळ तिप्पट. कच्चा शेर आणि पक्का शेर हा भेद बोलण्यात रुळला तो अशा तफावतींमुळेच.

आता नंदादीपाकडे पाहू. मुंबईच्या शेराने वर्षाचे तेल साडेचौदा किलो भरते, ८० तोळी शेराने साडेबेचाळीस. एका हिशेबात एकच समई मिणमिणते, दुसऱ्यात तेल उरून पुजाऱ्याच्या घरी जाते. देवस्थान श्रीमंत होते की ओढगस्तीत, हा निष्कर्षच शेरावर टांगलेला असतो.

इथपर्यंत आपण वजनच बोलत आहोत. लिटर काढायचे तर आणखी एक पायरी चढावी लागते. शेर वजनीही असे आणि मापीही. ९३३ ग्रॅम पाणी ९३३ मिलिलिटरच्या आसपास भरते. तितक्याच वजनाचे दूध त्याहून जड असल्याने साधारण ९०५ मिलिलिटर, आणि तिळाचे तेल हलके असल्याने सुमारे १,०१५ मिलिलिटर. म्हणून वजनी शेरभर तेल लिटरपेक्षा थोडे अधिक, तर वजनी शेरभर दूध लिटरपेक्षा बरेच कमी. आपल्या नवटाक तेलाचे उत्तर वर्षाला सुमारे १६ लिटर किंवा सुमारे ४६ लिटर, असे दुहेरी येते.

धान्याच्या पायलीवर शीग लावता येते, द्रवावर येत नाही. द्रवाची अडचण वेगळी: तो मापाला चिकटून राहतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात याची तजवीज आहे. तापवलेल्या तुपासाठी बत्तिसावा आणि तेलासाठी चौसष्टावा हिस्सा वाढावा, शिवाय मापाला लागून राहणाऱ्या द्रवासाठी पन्नासावा हिस्सा. पळीच्या तळाशी उरलेले तेल कोणाचे, हा वाद शास्त्रकारालाही किरकोळ वाटला नव्हता.

पाश्चात्त्य मापेही या गुंत्यातून सुटली नाहीत. ब्रिटनने १८२४ मध्ये गॅलन ठरवला तो दहा पौंड पाण्याच्या वजनावरून; तो ४.५४६ लिटरचा. अमेरिकेने मात्र राणी ॲनच्या काळचा २३१ घन इंचांचा मद्याचा गॅलन कायम ठेवला, तो ३.७८५ लिटरचा. खुद्द लिटरही १९०१ मध्ये एक किलो शुद्ध पाण्याने व्यापलेली जागा म्हणून सांगितला गेला, आणि १९६४ मध्ये पुन्हा एक घन डेसिमीटरवर आला. फरक दशलक्षात २८ भागांचा होता, पण वजन आणि आकारमान यांची गाठ सुटायला ६३ वर्षे लागली.

भारतात १९५६ च्या वजनमापे कायद्याने दशमान पद्धतीचा पाया घातला आणि पुढे शेर दुकानातून गेला. भाषेतून तो गेला नाही. शेरास सव्वाशेर अजून भेटतो, आणि नवटाक मारणारा किती प्याला हे कोणी मिलिलिटरमध्ये विचारत नाही. बोलण्यात असा सैलपणा शोभतो. दप्तर वाचताना मात्र रूपांतराचा कोठा पुस्तकातून उचलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: शेर कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, आणि वजनी की मापी. उत्तर मिळाले नाही, तर आकडा शेरातच ठेवावा. चुकीच्या लिटरपेक्षा तो अधिक खरे बोलतो.