विश्रामपूर: दुष्काळातली उमेद

१८६८ साली ऑस्कर लोर हे जर्मन पाद्री रायपूरला पोचले, तेव्हा आगगाडी नागपूरपर्यंतच आली होती. भोसल्यांची सत्ता जाऊन जेमतेम चौदा वर्षे झाली होती आणि छत्तीसगडचा कारभार नागपुरातूनच, पण आता इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या नावाने चालत होता. लोर यांनी पूर्वी रांचीकडे काम केले होते. १८५७च्या धामधुमीत ते मोडले. लोर अमेरिकेला गेले आणि तिथल्या जर्मन ख्रिस्ती मंडळींनी त्यांना पुन्हा हिंदुस्थानात धाडले.

त्यांची भिस्त तिथल्या सतनामी पंथाच्या लोकांवर होती. गुरू घासीदासांनी मूर्तिपूजा आणि जातीची उतरंड नाकारून सतनामाचा मार्ग दाखवला होता. त्यांचे अनुयायी ख्रिस्ताकडे सहज वळतील असे लोर यांना वाटले. तो अंदाज चुकला. सतनामींना स्वतःचे गुरू होते, स्वतःचा स्वाभिमान होता. सुरुवातीच्या वर्षांत बाप्तिस्मा घेणारे मोजकेच निघाले, आणि जे निघाले ते जातीतून वाळीत पडले.

मग या माणसांनी राहायचे कुठे, पेरायचे कुठे?

रायपूर जिल्ह्यात सुमारे दीड हजार एकर जमीन घेऊन लोर यांच्या मिशनने विश्रामपूर वसवले. शाळा, दवाखाना, चर्च हे सगळे त्याच जमिनीवर उभे राहिले. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीचा हक्क, मिशनकडे असल्याने पाळक हाच गावाचा धनीही झाला. ही गोष्ट दुहेरी होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बेघराला आसरा मिळाला, पण प्रार्थना सांगणारा आणि सारा घेणारा हात एकच राहिला. तरीही वाळीत पडलेल्या कुटुंबाला कसायला वावर मिळणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

खरी कसोटी शतक संपताना आली. छत्तीसगडचे शेत म्हणजे पावसावरचे धान. पाऊस मधेच दडी मारून बसला की वर्षच गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले. अनाथ मुले मिशनच्या दारात आली, ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या. पोटासाठी धर्म बदलला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. भूक हे त्यामागचे एक कारण होतेच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. उपाशी माणूस ज्या दारात वाचला, त्या दाराचा देव त्याला आपला वाटला, तर त्याची श्रद्धा खोटी ठरत नाही.

दुसऱ्या दुष्काळाच्या तोंडावर, १८९९ साली, अमेरिकेतले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक धमतरीला आले. धमतरी तेव्हा रायपूर जिल्ह्यातच होते. मदतकार्य, अनाथाश्रम आणि पुढे १९१०मध्ये इस्पितळ, असे त्यांचे काम वाढत गेले. बिलासपूरकडच्या चांदखुरीत कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. घरच्यांनी टाकलेल्या माणसाला तिथे अंथरूण मिळाले, मलमपट्टी झाली, आणि कुणीतरी त्याला नावाने हाक मारू लागले.

मराठी वाचकांना हा मुलूख परका नाही. पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात याच मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो मुलींना पुणे परिसरात घेऊन गेल्या. रमाबाईंचे केडगावचे मुक्तिसदन या मुलींमुळेच गजबजले. त्याआधी, १८९३च्या सुमारास, नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून रायपूरच्या वाटेवरच्या राजनांदगावला निघाले होते. गाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी विरहाची ती वर्षे काढली आणि १९०० साली स्वतःही तोच मार्ग धरला.

टिळक आणि लक्ष्मीबाई यांना लेखणी होती, म्हणून त्यांचे दुःख आणि त्यातून सापडलेला आधार आपल्यापर्यंत पोचला. विश्रामपूरच्या शेतकऱ्याची गोष्ट बहुतेक पाद्र्यांच्या अहवालांतून उरली, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून. पणजोबा कुठल्या दुष्काळात आले, कुणी थारा दिला, कुणाला पुरले, या आठवणी तिथल्या घराघरांत तोंडी चालत आल्या असतील. रायपूर-नागपूरच्या अभ्यासकांनी त्या आता त्यांच्याच बोलीत, छत्तीसगडीत, टिपून घ्याव्यात.