अंबर: मालकाने ठेवलेलं नाव

अंबर म्हटलं की मराठी माणसाला आकाश आठवतं, नाहीतर वस्त्र. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावातला अंबर मात्र अरबी, मूळ उच्चार 'अन्बर'. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होऊन लाटांबरोबर किनाऱ्याला लागणारा करडा-काळा सुगंधी पदार्थ तो हा. 'व्हेल माशाची उलटी' म्हणून कोकणात ज्याच्या तस्करीच्या बातम्या येतात, तोच. अत्तराच्या व्यापारात त्याला कस्तुरीइतका मान.

असल्या नावांची अरबी जगात एक वेगळी जातच होती, आणि ती मुख्यतः गुलामांसाठी. याकूत म्हणजे माणिक, मर्जान म्हणजे पोवळं, लुलू म्हणजे मोती, काफूर म्हणजे कापूर. विकत घेतलेल्या माणसाला मालकाच्या घरातल्या किमती वस्तूचं नाव मिळे. अरबी नावात बापाचं नाव हवंच. तिथे 'अब्दुल्लाचा मुलगा' असं सरसकट लिहून मोकळे होत. प्रसिद्ध भूगोलकार याकूत अल-हमवी मूळचा ग्रीक वंशाचा गुलाम, त्याच्याही नावात हाच अब्दुल्ला आहे. नाव गोड, पण माणसाचं अख्खं कूळ पुसणारं. याहून क्रूर गोडवा शोधून सापडायचा नाही.

दहाव्या शतकात इजिप्तवर राज्य करणारा काफूर वर्णाने काळा होता, आणि नाव पांढऱ्याशुभ्र कापराचं! त्याला 'अबू अल-मिस्क', म्हणजे कस्तुरीचा बाप, असंही म्हणत.

इथिओपियात 1548च्या सुमारास जन्मलेल्या चापू नावाच्या मुलाचं असंच झालं. विकला जात जात तो बगदादला पोचला, तिथल्या मालकाने त्याला अंबर केलं. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही हबशी, गुलामगिरीतूनच वर आलेला. 'मलिक' ही अंबरची नंतरची पदवी. सत्ता हाती आली तरी मालकाने दिलेलं नाव त्याने बदललं नाही. खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, त्याने आणलेल्या पाण्याला लोक 'नहर-ए-अंबरी' म्हणू लागले. मोगल बादशहा जहांगीरला तर या नावाचा इतका राग, की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत असं चित्र त्याने काढवून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधी लागलं नाही. अंबर 1626मध्ये वारला, त्याची कबर खुलताबादला आहे.

त्याचा मुलगा ओळखला गेला तो फतेहखान म्हणून, विजयाच्या नावाने. आणि पुढे जंजिऱ्याच्या सिद्दी कासिमला मोगल दरबाराने किताब दिला, तो 'याकूतखान'.