पुसदचे गवत आणि जंगल सत्याग्रह

10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांनी परवान्यावाचून विळ्याने गवत कापले आणि त्यांना अटक झाली. वऱ्हाडातील जंगल सत्याग्रहाची ही सुरुवात. यवतमाळ जिल्ह्याच्या राजकारणात जंगल, कुरण आणि गुरे यांचा प्रश्न सभा-ठरावांतून उठून प्रत्यक्ष रानात पोचला तो इथे.

या गवतामागचा इतिहास कापसाचा आहे. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्यानंतर दहा वर्षांच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेची रुई मिळेनाशी झाली आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. पडीक रान, गायरान, नाल्याकाठची कुरणे नांगराखाली गेली. पण कापूस पिकवायचा तर बैल हवेत आणि बैलांना वैरण हवी. ज्वारीचा कडबा पुरेसा नसे; उरलेली भिस्त डोंगरातल्या गवतावर. नेमके याच काळात सरकारने डोंगर राखीव करायला घेतले. यवतमाळला त्या वेळी वणी जिल्हा म्हणत; आजचे नाव 1905 मधले.

वऱ्हाडच्या सरकारी जंगलाचे तीन वर्ग पाडले होते : इमारती लाकूड व सरपणाचे, गवत राखण्याचे आणि चराईचे. दुसऱ्या वर्गातल्या रानाला रमणा म्हणत. कागदावर ही वाटणी शहाणपणाची दिसते, आणि काही अंशी ती होतीही. मोकाट चराईने डोंगर उघडे पडतात हे गुराख्यालाही कळते. पण पिढ्यान् पिढ्या ज्या रानात गुरे गेली, तिथे आता चराईची फी, परवाना आणि पहारेकरी आला. जनावर हद्दीपलीकडे गेले की कोंडवाडा, आणि ते सोडवायला पुन्हा दंड. गोंड-कोलामांच्या पोडांना, पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांना आणि लहान कुणबी शेतकऱ्याला हा जाच सारखाच होता. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा ही किरकोळ वाटणारी फीही अंगावर येऊ लागली.

अणे मूळचे वणीचे. 1880 चा जन्म, यवतमाळला वकिली, निष्ठा टिळकांवर. बहिष्काराच्या राजकारणावर त्यांचा विश्वास नव्हता. 1926 मध्ये न. चिं. केळकर, बॅ. जयकर आणि डॉ. मुंजे यांच्यासह त्यांनी प्रतिसहकार पक्ष उभा केला. महाराष्ट्र, नागपूर आणि वऱ्हाड हे त्याचे बळ. विधिमंडळात राहून सरकारशी झुंजायचे हे त्याचे धोरण. गवत-जंगलाचा त्याच्या स्थापनेशी काही संबंध नव्हता. अशा पक्षाचा, कायद्याची कलमे जाणणारा पुढारी चार वर्षांनी विळा घेऊन रानात उतरतो, यातच त्या वर्षाची हवा कळते.

मिठाच्या सत्याग्रहात वऱ्हाडची अडचण साधी होती : समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या पाण्यापासून मीठ करून एप्रिलमध्ये कायदेभंग झाला, पण पाऊस लागल्यावर तेही शक्य नव्हते. मिठासारखी दुसरी वस्तू हवी होती. सर्वांच्या गरजेची, स्वस्त, आणि सरकारने आपल्या मुठीत धरलेली. ती गवतात सापडली. दिवस निवडला तो पुनर्वसू नक्षत्रातला. त्या दिवसांत गवत कोवळे असते; वैरणीसाठी कापणी खरी दसरा-दिवाळीकडे. म्हणजे पुसदला कापलेली पेंढी जनावरांसाठी नव्हती, न्यायालयासाठी होती.

अण्यांच्या अटकेनंतर तुकड्यांमागून तुकड्या जंगलात जाऊ लागल्या. त्याच महिन्यात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांनी संघाची धुरा डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून यवतमाळजवळच्या लोहारा जंगलात सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी अकोल्याच्या तुरुंगात भोगली. डॉ. मुंजेही जंगल सत्याग्रहात होते. पुढे भिन्न वाटांनी गेलेली माणसे त्या पावसाळ्यात एकाच कलमाखाली आरोपी होती.

चळवळीचे उद्दिष्ट मात्र मर्यादित होते, आणि ते जाणूनबुजून तसे ठेवले होते. गवत कापायचे, झाड तोडायचे नाही. अटक करून घ्यायची, प्रतिकार करायचा नाही. जंगल राखू नये असे पुढाऱ्यांचे म्हणणे नव्हते. गवतावर परवाना लावणाऱ्या सरकारचा अधिकार त्यांना अमान्य होता. आदिवासी मुलखात ही रेघ टिकली नाही. मध्य प्रांतातील बैतूल आणि शिवनीकडे गोंड-कोरकूंनी सत्याग्रह आपला मानला; 9 ऑक्टोबरला तुरिया येथे पोलिसांच्या गोळीबारात चौघे मारले गेले, त्यांत तीन स्त्रिया होत्या. त्याआधी 25 सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरलाही गोळी चालली होती. पुसदला ज्याचा आरंभ प्रतीक म्हणून झाला, ते तिथे पोटाच्या प्रश्नाचे भांडण बनले.

5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात मिठागरांजवळच्या गावकऱ्यांना घरापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली. गवताबद्दल तशी तरतूद नव्हती. अणे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी झाले, बिहारचे राज्यपाल झाले, नागपूरहून लोकसभेवर गेले. जंगलांवर स्वातंत्र्यानंतरही 1927 चाच भारतीय वन अधिनियम राहिला. पुसद तालुक्याने वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. पहिल्यांचे नाव हरितक्रांतीशी जोडले गेले, दुसऱ्यांच्या काळात 1992 मध्ये जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. पाणलोटाच्या कामांबरोबर एक गमतीची उलटापालटही घडली. राळेगणसिद्धी, हिवरेबाजारसारख्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःहून लागू केली. बंदी तीच, ठरवणारे बदलले, आणि लोकांनी ती पाळली.

यवतमाळमध्ये पुढच्या काळात राखीव जंगलात अभयारण्यांची भर पडली. टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 148 चौरस किलोमीटर; पैनगंगेचे अभयारण्य नांदेड जिल्ह्याला लागून आहे. 1996 च्या पेसा कायद्याने मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतील अनुसूचित गावांच्या ग्रामसभांना अधिकार दिले. 2006 च्या वनहक्क कायद्याने चराईला प्रथमच सामूहिक हक्क म्हणून नावानिशी मान्यता दिली आणि जंगल राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकली. पुसदच्या विळ्याने जो परवाना मोडला होता, त्याची जागा या कायद्यात दाव्याने घेतली : वनहक्क समिती हद्द तपासते, ग्रामसभा ठराव करते, दावा उपविभागीय समितीकडून जिल्हा समितीकडे जातो आणि मंजुरी तिथे होते.